‘मूळ संख्या’ : मूळ कोणत्या अर्थाने?

परभणीच्या एका गणित शिकवणाऱ्या बाईंनी विचारले आहे की, ‘४२९४९६७२९७ मूळ आहे का?’ हे वाक्य बरोबर आहे का, आणि ‘मूळ’ऐवजी हिंदीप्रमाणे ‘अभाज्य’ म्हटलेले बरे नाही का?

(मूळ संख्या म्हणजे १ पेक्षा मोठी, आणि १ व ती स्वतः यांखेरीज कशानेही पूर्ण भाग न जाणारी संख्या.) प्रश्नाच्या तळाशी जी अडचण आहे ती खरी आहे. आपल्याकडे वर्गात हमखास दिले जाणारे एक उदाहरण घ्या : दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ९ आहे, अंकांची अदलाबदल केल्यास येणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ ने मोठी आहे, तर मूळ संख्या कोणती? उत्तर ३६ येते, पण मागच्याच आठवड्यात मूळ संख्या शिकलेले पोर उठून म्हणते, “सर, छत्तीसला तर दोननं भाग जातो!” येथे ‘मूळ’ म्हणजे आधीची, जशी ‘मूळ गाव’ किंवा ‘मूळ मालक’ या शब्दांत. त्यात वर्गमूळ आणि समीकरणाची मुळे यांची भर पडते. व्याकरण मात्र थोडी सोय करते : नाम असलेले ‘मूळ’ विभक्तीत बदलते (मुळाचे, मुळांची), तर विशेषण जसेच्या तसे राहते (मूळ संख्येचे). (दिवाळीला लेकीला आणायला जाणारे ‘मूळ’ हे आणखी निराळेच.)

तरीही हा शब्द टाकून देऊ नये, कारण तो गणिताचा आशय नेमका पकडतो. वरची संख्या, म्हणजे ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७, ही २ च्या बत्तिसाव्या घातात १ मिळवून येते. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने ती मूळ मानली होती. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने तिचे ६४१ × ६७००४१७ असे अवयव पाडले. हे दोन्ही अवयव यापुढे फुटत नाहीत, आणि गुणाकाराचा क्रम सोडला तर या संख्येचे मूळ अवयवांत दुसऱ्या कोणत्याही रीतीने विघटन होत नाही. जिथे फोड थांबते तिथे जे उरते, ते मूळ. ‘अभाज्य’ शब्द फक्त भाग जात नाही एवढेच सांगतो, आणि तेही अर्धवट, कारण १ ने आणि स्वतःने भाग जातोच. उर्दू माध्यमात मूळ संख्येला ‘मुफ्रद अदद’ म्हणजे सुटी, एकेरी संख्या, आणि संयुक्त संख्येला ‘मुरक्कब’ म्हणजे जोडून बनलेली असे म्हणतात. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेल्या आपल्या मराठवाड्यातील आजोबांच्या पिढीला ही जोडी ओळखीची होती. ‘संयुक्त’ आणि ‘मुरक्कब’ यांचा अर्थ एकच, हे मला फार आवडते.

‘मूळ’ राखल्याने ‘जोडमूळ’ (दोनच्या फरकाने येणाऱ्या दोन मूळ संख्या, जसे ६४१ आणि ६४३) हा सुटसुटीत शब्दही हाती राहतो. ‘सहमूळ’ (१ खेरीज सामाईक विभाजक नसलेल्या दोन संख्या) मात्र फसवा आहे : ८ आणि ९ सहमूळ आहेत, पण दोहोंपैकी एकही मूळ नाही.

म्हणून माझ्या मते ‘मूळ आहे का’ हे चूक नसले तरी संदिग्ध आहे. ‘ही मूळ संख्या आहे का?’ असे लिहावे, आणि अदलाबदलीच्या उदाहरणांत ‘मूळ’ऐवजी ‘आधीची संख्या’ म्हणावे.