हर्षलवरचा दिवस नेमका केवढा?

प्रश्न : युरेनसचे एक वर्ष पृथ्वीवरच्या 84 वर्षांएवढे असते, हे समजते. परंतु त्याचा दिवस एके ठिकाणी 17 तासांचा, तर दुसरीकडे 42 वर्षांचा असल्याचे वाचनात आले. यांपैकी खरे काय मानावे?

उत्तर : दोन्ही विधाने खरी आहेत; मात्र त्यांत ‘दिवस’ हा शब्द दोन निरनिराळ्या अर्थांनी आला आहे. मराठीत 24 तासांच्या कालावधीलाही आपण दिवस म्हणतो आणि सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या उजेडालाही दिवसच म्हणतो. आपल्या अक्षांशांवर या दुहेरी वापराने काही अडत नाही. आपल्या पंचांगांत हर्षल या नावाने येणाऱ्या युरेनसवर मात्र हे दोन अर्थ एकमेकांपासून फार दूर जातात.

वर्षाचे गणित तुलनेने सोपे आहे. युरेनस पृथ्वीच्या सुमारे 19 पट अंतरावरून सूर्याभोवती फिरतो, म्हणजे त्याची वाट तितकीच लांब आहे. शिवाय तेथे सूर्याची ओढ क्षीण असल्याने, पृथ्वी सेकंदाला जवळजवळ 30 किलोमीटर जात असताना युरेनस 7 किलोमीटरही जात नाही. विल्यम हर्शेल यांनी 13 मार्च 1781 रोजी इंग्लंडमधील बाथ येथून तो शोधला, तेव्हापासून त्याची केवळ दोन परिभ्रमणे पूर्ण झाली असून तिसरे 2033 मध्ये होईल. ज्यांचे सहस्रचंद्रदर्शन नुकतेच झाले आहे, अशा आजोबांचे युरेनसच्या हिशेबाने पहिले वर्षही अजून सरलेले नसते.

स्वतःच्या आसाभोवती फिरायला मात्र या ग्रहाला सुमारे 17 तास 14 मिनिटेच लागतात. हा आकडा मिळवणे सोपे नव्हते. युरेनसला खुणेसाठी धरता येईल असा घन पृष्ठभाग दिसत नाही, आणि ढगांवर विसंबावे तर काही अक्षांशांवर ते वाऱ्यांबरोबर 14 तासांतच फेरी पूर्ण करतात. म्हणून ग्रहाच्या अंतर्भागाबरोबर फिरणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घ्यावा लागला, आणि ते मोजमाप 24 जानेवारी 1986 रोजी जवळून गेलेल्या व्हॉयेजर-2 यानामुळे शक्य झाले. या परिवलनाच्या हिशेबाने युरेनसच्या एका वर्षात सुमारे 42,700 दिवस भरतात.

मग 42 वर्षांचा दिवस कोठून आला? पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, तर युरेनसचा जवळजवळ 98 अंशांनी, म्हणजे हा ग्रह आडवा पडून सूर्याभोवती फिरतो. त्यामुळे त्याचा एक ध्रुव अर्धे वर्ष प्रकाशात आणि दुसरा अंधारात राहतो. पृथ्वीच्या ध्रुवांवरही सहा महिन्यांचा दिवस असतो, पण तेथे सूर्य क्षितिजापासून फार वर येत नाही. युरेनसच्या ध्रुवावर तो चढत चढत जवळजवळ माथ्यावर येतो.

माझ्या मते खरी गंमत ध्रुवांवर नसून मधल्या अक्षांशांवर आहे. 45 अंशांच्या आसपास सुमारे 21 वर्षे सूर्य दर 17 तासांनी रीतसर उगवतो आणि मावळतो, पुढची सुमारे 21 वर्षे तो मावळतच नाही, मग पुन्हा तितकीच वर्षे दिवस-रात्रीचे चक्र चालते आणि अखेरीस तेवढाच काळ सलग रात्र असते. तेथे एकाच ठिकाणी दोन्ही प्रकारचे दिवस अनुभवास येतील.

व्हॉयेजर-2 पोहोचले तेव्हा दक्षिण ध्रुव सूर्यासमोर होता, त्यामुळे उत्तर गोलार्धाचा बहुतेक भाग त्याच्या छायाचित्रांत आलाच नाही. डिसेंबर 2007 मध्ये सूर्य विषुववृत्तावर आला आणि उत्तर ध्रुवावर उजाडले. तेथे तो 2050 च्या सुमारास मावळेल.