तिथलं प्रेम खरं की इथला अबोला?

लग्नाला चार-सहा महिने झालेल्या मुली समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा एक काळजी हमखास बोलून दाखवतात. फिरायला गेलो तेव्हा नवरा किती वेगळा होता, घरी आलो आणि परत परका झाला. मग खरं काय मानायचं? यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या जोडप्याची गोष्ट याच काळजीवर सांगते. दोघांच्या परवानगीने सांगते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती बी.एस्सी. झालेली, तो घरची शेती आणि कृषी सेवा केंद्र बघणारा. तुळशीच्या लग्नानंतर यांचं लग्न झालं आणि जानेवारीत, कापसाचे पैसे हातात आल्यावर, दोघं अंदमानला जाऊन आले. ती माझ्याकडे आली फेब्रुवारी संपताना, एकटी, सासूला दाताच्या डॉक्टरकडे जाते सांगून.

"मॅडम, तिथं हे माह्याशी तासन् तास बोलत होते. आता बोलतेत ते जेवाले वाढ म्हणून, नाही तं मोटर सुरू कर म्हणून. तो एक दिवस खोटाच होता का?"

मी तिला त्या एका दिवसाबद्दलच विचारलं. सगळं सांग, घाई करू नको, म्हटलं.

तो दिवस हॅवलॉकचा, म्हणजे 2018 पासून ज्याला स्वराज द्वीप म्हणतात त्या बेटावरचा. नवऱ्याने स्कुबा डायव्हिंगचे, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन समुद्राखाली उतरण्याचे, पैसे आधीच भरलेले. तो गावच्या विहिरीत उड्या मारत वाढलेला, आणि हिला पोहता येत नाही. आपल्याकडे पोरं विहिरीवर जातात, पोरींना काठावरही उभं राहू देत नाहीत. त्यामुळे पाण्याची भीती हा तिचा काही दोष नव्हे. पण नाही म्हटलं तर यांना काय वाटेल, या विचाराने ती रात्रभर जागी होती.

सकाळी तिथल्या प्रशिक्षकाने आधी फॉर्म भरून घेतला. दमा आहे का, हृदयाचा त्रास, कानाचं दुखणं, सर्दी, दिवस गेलेत का. मग सांगितलं की पहिल्यांदा उतरणाऱ्याला पोहता यायची गरज नाही, प्रत्येकासोबत एक प्रशिक्षक असतो आणि 12 मीटरच्या खाली नेत नाहीत. श्वास मात्र कधीही रोखायचा नाही, कारण वर येताना पाण्याचा दाब कमी होतो, फुप्फुसातली हवा फुगते आणि इजा होऊ शकते. खाली बोलता येत नाही म्हणून खुणा शिकवल्या. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे ठीक आहे. आडवा पंजा डुलवला म्हणजे काहीतरी बिनसलंय. अंगठा वर म्हणजे वर चला, आणि ही खूण केली की का म्हणून कुणी विचारत नाही, वर नेतात.

पाण्यातला व्हिडिओ तिच्या फोनमध्ये होता. रात्री सगळे झोपले की ती तो बघायची. आम्ही दोघींनी मिळून पाहिला. दोन-तीन मीटर खाली गेल्यावर ती पंजा डुलवते आणि कानाकडे बोट दाखवते. दाब सगळ्यात आधी कानांना जाणवतो. प्रशिक्षक तिला थोडं वर घेतो, नाक चिमटीत धरून हलकी फुंकर मारायला लावतो, आणि डोळ्यांत बघत परत वर्तुळाची खूण करून विचारतो. मागे नवरा दिसतो. तो बराच खाली गेलेला असतो. हिला थांबलेलं पाहून तोही आपल्या प्रशिक्षकाला थांबवतो, वर येतो आणि हिच्यासमोर वर्तुळ करतो. ही उत्तर देत नाही. तो थांबून राहतो. पुन्हा विचारतो. आता हिचा हात वर येतो, वर्तुळ होतं, आणि तो तिचा हात धरतो. पुढे प्रवाळ आहे, समुद्रफुलाच्या झुबक्यात लपणारे नारिंगी-पांढरे मासे आहेत, पण माझ्या दृष्टीने दिवस घडला तो त्या दोनदा विचारण्यात.

होडीत परतल्यावर टॉवेल गुंडाळून बसलेले असताना तो तिला म्हणाला होता, "मलेबी भेव लागलं होतं. विहिरीत श्वास धरून बुडी मारतो, अन् इथं म्हणे धरायचाच नाही." संध्याकाळी राधानगरच्या किनाऱ्यावर आणखी बोलला. शेती करतो म्हणून किती ठिकाणांहून नकार आले, तिने होकार दिला तेव्हा त्याला आठवडाभर खरं वाटलं नाही. असं बोलणं हा पोरगा आयुष्यात पहिल्यांदा बोलला असावा. हे खोटं कसं असेल?

पुढच्या आठवड्यात तो आला, जरा घुश्शातच. "एवढा खर्च केला मॅडम, आता काय करू?" त्याचा दिवस ऐकला. दिवसभर दुकान. हरभरा-गव्हाला पाणी द्यायला रात्रीची लाइन, म्हणजे मोटरीची वीज रात्री येते, म्हणून रात्र वावरात. लाइन नसेल त्या रात्री रानडुकरांसाठी जागल. जेवण वडिलांच्या पंगतीत. घरात नऊ माणसं, आणि सगळ्यांसमोर बायकोशी बोलत बसलं तर पोरं चिडवतात. मनात तिच्याविषयी आकस काही नव्हता. दोघांना एकटं बसायला दिवसातली दहा मिनिटंही नव्हती, आणि ती गप्प आहे म्हणजे सुखात आहे, अशी त्याची समजूत होती.

मी त्याला तोच व्हिडिओ दाखवला आणि विचारलं, "इथं दोनदा विचारलंस. घरी आल्यावर कधी विचारलंस?" तो बराच वेळ फोनकडे बघत राहिला.

तिच्याशीही मला स्पष्ट बोलावं लागलं. पाण्याखाली तिने पंजा डुलवला होता म्हणून तो थांबला. घरी तीही खूण करत नव्हती, अंधारात व्हिडिओ बघत होती.

दोघांनी मिळून ठरवलं ते साधं होतं. आठवड्यात ज्या दिवसांत दिवसाची लाइन असते, त्या दिवशी दुपारचा डबा घेऊन तिने वावरात जायचं आणि दोघांनी बांधावर जेवायचं. घरात सगळ्यांसमोर बोलता येत नसेल तर पंजा डुलवायचा, आणि त्याने त्याच दिवशी वेळ काढून विचारायचं. तसाच दिवस परत मिळावा म्हणून पुन्हा अंदमानचा बेत, त्यासाठी उसनवारी, हे मी सरळ मोडून काढलं. तारकर्लीलाही स्कुबा होतं, ते पुढच्या कापसानंतर बघू म्हटलं.

हे वाचणाऱ्या मुलींना एक सांगायचं आहे. तुमच्या घरी अबोल्यासोबत मारहाण, दारू किंवा धमकी असेल तर हा उपाय तुमच्यासाठी नाही. 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करा. मन फार खचलं असेल तर 14416 वर टेली मानसचे समुपदेशक मराठीत बोलतात.

या दोघांचं सगळं सुरळीत झालं नाही. डबा घेऊन सून वावरात जाते हे सासूला खटकलं, दोन दिवस घरात धुसफूस चालली. पण या वेळी तिला काही बोलावं लागलं नाही. तोच आईला म्हणाला, "मीच बोलावतो तिले, आई. मले तिच्यासंगं जेवाचं राह्यते." सासू अजून नाराज आहे. पुढच्या महिन्यात तिघंही येणार आहेत.