वाचकांचे प्रश्न : कर्सर हलतोय, बाकी सगळा अंधार

या वेळचे जवळजवळ सगळे प्रश्न लिनक्स डेस्कटॉपच्या सजावटीवर आलेत आणि न मागता प्रत्येकाने स्वतःच्या सेटअपचा स्क्रीनशॉटपण जोडलाय. तक्रार नाही, मीपण हेच करायचो.

प्रश्न : एकाने शेअर केलेला आय-थ्री या विंडो मॅनेजरचा सेटअप बघितला आणि वेडच लागलं, पारदर्शक टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी), वर बारीकशी पट्टी, खिडक्यांना गोल कोपरे. त्याच्या सगळ्या डॉटफाइल्स (टिंबाने नाव सुरू होणाऱ्या सेटिंगच्या फाइल्स) उचलून माझ्या होम फोल्डरवर कॉपी मारल्या. आता लॉगिन केलं की काळी स्क्रीन, फक्त कर्सर हलतो, सुपर-एंटर (विंडोजची की आणि एंटर) दाबून दाबून बोट दुखलं. सरळ फॉरमॅट मारू का?

उत्तर : अजिबात नको, तुमचं काही बिघडलेलं नाहीये. कर्सर हलतोय म्हणजे एक्स, म्हणजे स्क्रीनवर ग्राफिक्स दाखवणारा प्रोग्रॅम, चालू आहे, बहुतेक आय-थ्रीपण चालू आहे, फक्त ते ज्यांना हाका मारतंय ते घरातच नाहीत. विंडो मॅनेजरचं काम खिडक्या कुठे ठेवायच्या एवढंच असतं. वॉलपेपर लावतं फेह, वरची पट्टी असते पॉलीबारची, पारदर्शकपणा आणि गोल कोपरे पिकॉमचे, आणि सुपर-एंटरवर त्या भल्या माणसाने किटी नाहीतर अलाक्रिटी टर्मिनल बांधलेलं असणार जे तुमच्याकडे इन्स्टॉलच नाहीये. डॉटफाइल्समध्ये सेटिंग असतात, प्रोग्रॅम नसतात, हे सगळ्यांना असंच ठेच लागून कळतं.

आता कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबा. साधं अक्षरी लॉगिन येईल, तिथे यूजरनेम-पासवर्ड टाका (पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही, कीबोर्ड मेला असं समजून घाबरू नका). मग होममधल्या डॉट-कॉन्फिग फोल्डरात जे आय-थ्रीचं फोल्डर आहे त्याचं नुसतं नाव बदला, डिलीट करू नका, लागणार आहे ते. रीबूट करून परत आलात की आय-थ्री स्वतःहूनच विचारेल नवीन कॉन्फिग (सेटिंगची फाइल) बनवू का आणि मुख्य की म्हणून सुपर हवी की आल्ट. हो म्हणा आणि एवढ्यावर दोन दिवस काम करा.

त्यानंतर त्या माणसाची फाइल शेजारी उघडी ठेवून एकेक ओळ आणायची. 'एक्झेक'ने सुरू होणाऱ्या ओळी आधी वाचा, त्यात ज्यांची ज्यांची नावं आहेत ते सगळे प्रोग्रॅम लागतील. पट्टी दिसत नसेल तर मॉनिटरचं नाव बघा, त्याचा एचडीएमआय-१ असेल आणि तुमच्या लॅपटॉपचा ईडीपी-१. चिन्हांच्या जागी चौकोन दिसत असतील तर नर्ड फॉन्ट टाकायचा राहिलाय. आणि खरंच प्रत्येक ओळ वाचा हो, कारण मी एकदा न वाचता एकाची फाइल घेतली होती, तो माणूस लॅपटॉपचं झाकण बंद ठेवून बाहेरच्या मॉनिटरवर काम करणारा, त्यामुळे एक्सरँडआर या स्क्रीनची मांडणी ठरवणाऱ्या कमांडच्या एका ओळीत त्याने लॅपटॉपची स्क्रीनच ऑफ करून ठेवलेली. मी अर्धा तास चार्जरची पिन काढतोय-घालतोय, काढतोय-घालतोय. बॅटरी फुल होती.

चाललं की ते फोल्डर गिटमध्ये (फाइल्समधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) टाका, आणि कमिटच्या, म्हणजे प्रत्येक नोंदीच्या, मेसेजमध्ये 'बदल' असं लिहू नका, काय बदललं ते लिहा, तीन महिन्यांनी तुम्हालाच शोधायचंय.

प्रश्न : या फाइल्सच्या नावापुढे डॉट का असतो? कुणी ठरवून केलं का हे?

उत्तर : नाही, चुकून झालं. बेल लॅब्जच्या यूनिक्स टीममधले रॉब पाइक यांनी हा किस्सा लिहून ठेवलाय. फोल्डरमध्ये 'चालू फोल्डर' म्हणून एक टिंब आणि 'वरचा फोल्डर' म्हणून दोन टिंबं अशा नोंदी असतात, त्या एलएस या फाइल्स दाखवणाऱ्या कमांडच्या यादीत दिसू नयेत म्हणून कुणीतरी सोपा उपाय केला, नावाचं पहिलं अक्षर टिंब असेल तर दाखवायचंच नाही. झालं, टिंबाने सुरू होणारी प्रत्येक फाइल आपोआप लपायला लागली आणि सगळ्यांनी आपापली सेटिंग तिथे कोंबली. आज आपण त्याच अडगळीचे फोटो काढून मिरवतो.

प्रश्न : जुने लिनक्सवाले आठवणी काढताना एवढे हळवे का होतात? तुमचा पहिला डेस्कटॉप कसा होता? आणि ते फिरणारं क्यूब आता मिळतं का?

उत्तर : हळवे होतो कारण चित्र दिसेपर्यंतच रात्री गेलेल्या असतात. माझं १९९९ साल, मित्राने दिलेली सीडी. इन्स्टॉल झालं पण ग्राफिक्स सुरू करायला एक्सफ्री८६ ला (तेव्हाचं एक्स) मॉनिटरची आडवी फ्रीक्वेन्सी किलोहर्ट्झमध्ये आणि उभी हर्ट्झमध्ये सांगायला लागायची, ती मॉनिटरच्या पुस्तिकेत असायची, आणि पुस्तिका कुठे होती देवाला माहीत. वर ठळक इशारा, चुकीचे आकडे टाकलेत तर मॉनिटर खराब होऊ शकतो. मी अंदाजाने टाकले. स्टार्टएक्स (एक्स सुरू करायची कमांड) मारलं की मॉनिटर बारीक शिट्टी वाजवायचा, चित्र तिरप्या रेघा होऊन धावायला लागायचं आणि मी कंट्रोल-आल्ट-बॅकस्पेस मारून पळ काढायचो. तिसऱ्या रात्री आकडे जुळले. राखाडी बारीक जाळी, मधोमध फुलीच्या आकाराचा कर्सर, टीडब्ल्यूएम नावाचा साधा विंडो मॅनेजर, एक घड्याळ, दोन-तीन टर्मिनल. बस्स. वॉलपेपर नाही, मेनू आणायला रिकाम्या जागेवर क्लिक करायचं. इतका कुरूप डेस्कटॉप आणि मी तो अर्धा तास नुसता बघत बसलेलो! (ती जाळी अजून आहे, एक्सॉर्ग, म्हणजे आताचं एक्स, 'रेट्रो' पर्याय देऊन सुरू केलं की परत येते.)

क्यूबचं म्हणाल तर २००६ मध्ये कॉम्पिझ हा खिडक्यांना इफेक्ट देणारा प्रोग्रॅम आला तेव्हा आम्ही पार बिघडलो. खिडकी ओढली की जेलीसारखी हलायची, चार डेस्कटॉप क्यूबच्या चार बाजूंवर. ग्राफिक्सचा ड्रायव्हर चालवायला दोन दिवस जायचे आणि चालला की तिसरा दिवस क्यूब फिरवण्यात, काम काहीच नाही. आज हवं असेल तर केडीई घ्या, त्याच्या प्लाझ्मा ६ या डेस्कटॉपमध्ये क्यूब परत आलंय, सेटिंगमध्ये डेस्कटॉप इफेक्ट्सखाली बघा. जेलीवाल्या खिडक्यापण तिथेच.

प्रश्न : मला ग्नोम २ सारखाच, वर एक खाली एक पट्टीवाला डेस्कटॉप हवाय. नवीन काही शिकायचं नाही.

उत्तर : माटे नावाचा डेस्कटॉप. २०११ मध्ये ग्नोम ३ आलं आणि तुमच्यासारखेच लोक चिडले, त्यातूनच ते निघालं. तुमची चीड रास्त आहे, मी फक्त सवय लावून घेतली.

प्रश्न : स्क्रीनशॉटमध्ये डिस्ट्रोचा (लिनक्सच्या आपल्या प्रकाराचा) लोगो दाखवायला निओफेच वापरायचो, बंद पडलं म्हणे?

उत्तर : हो, २०२४ मध्ये त्याची रिपॉझिटरी (कोडची जागा) आर्काइव्ह केली, म्हणजे काम थांबवलं. बनवणाऱ्याने कारण एका वाक्यात दिलंय, शेती करायला घेतलीय. फास्टफेच टाका, वेगही जास्त आहे, फक्त जुनी कॉन्फिग फाइल चालणार नाही, ती नव्याने लिहा.