कम्युनिटी कॉलेजातून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात जाण्याची तयारी केव्हा सुरू करावी?

दोन वर्षे कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजात (पदवीची पहिली दोन वर्षे शिकवणाऱ्या सार्वजनिक कॉलेजात) शिकून तिसऱ्या वर्षी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात प्रवेश घ्यायचा असेल, तर तयारी पहिल्याच सत्रात, विषय निवडण्यापूर्वी करावी. आपल्या कॉलेजातील कोणता विषय युनिव्हर्सिटीच्या कोणत्या कॅम्पसवर कशाच्या बदल्यात धरला जातो, हे ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर पाहता येते. इंजिनिअरिंगसाठी कॅल्क्युलस लांबणीवर टाकले, तर त्यावर बेतलेले फिजिक्सही मागे पडते आणि 60 सेमिस्टर युनिट्स (श्रेयांक) भरूनही अर्ज कच्चा राहतो. घोडे बहुधा इथेच अडते. डेव्हिस, अर्व्हाइन यांसह सहा कॅम्पस अटी पूर्ण करणाऱ्यांना प्रवेशाची हमी देतात, मात्र सर्वच शाखांत नव्हे; ती एकाच कॅम्पसकडे, सप्टेंबरमध्ये मागावी लागते. बर्कली व लॉस एंजेलिस त्यात नाहीत. समुपदेशकाला भेटताना ‘असिस्ट’वरील तक्ता सोबत न्यावा.