फ्रान्समधल्या कासी गावातून आँ-व्हो या बीचवर चालत जाता येतं का? रस्ता अवघड आहे का?

हो, येतं, आणि चालतच जा. कासीच्या बंदरापासून साधारण दीड-दोन तास लागतात, आधी पोर-मियू ही अरुंद खाडी लागते जिथे बोटींची रांगच रांग असते, मग पाइनच्या झाडांतली पोर-पँ खाडी, तिथपर्यंत लहान मुलंही आरामात येतात. खरी परीक्षा पुढे आहे. शेवटचा उतार एकदम खडा, चुनखडीचा दगड लोकांच्या पायांनी घासून घासून गुळगुळीत झालाय, चप्पल घालून अजिबात जाऊ नका, ग्रिपवाले बूट हवेतच.

खाली पोचलात की दोन्ही बाजूंना पांढरे उभे कडे आणि मधे हिरवंनिळं पाणी, इतकं नितळ की तळातले गोटे मोजता येतील. वाळू नाही, सगळे गोटेच, त्यामुळे जाड चटई न्या. आणि पाणी उन्हाळ्यातसुद्धा गार असू शकतं, मिस्त्राल हा उत्तरेकडून येणारा जोरदार वारा वरचं गरम पाणी किनाऱ्यापासून दूर समुद्रात ढकलतो नि खालचं थंड वर येतं.

प्यायचं पाणी माणशी किमान दोन लिटर घ्या, तिथे दुकान, नळ, टॉयलेट काहीही नाही. २०१२ पासून हा सगळा भाग नॅशनल पार्क आहे, कचरा परत आणायचा, सिगरेट बंद. जून ते सप्टेंबर वणव्याच्या धोक्यामुळे रस्ता कधीकधी बंद ठेवतात, आदल्या संध्याकाळी पार्कच्या साइटवर बघूनच निघा. मला विचाराल तर मे महिना, सकाळी सातला निघायचं.