पाठ झालं, पण वळण?

प्रश्न : मुलगा इस्लामी प्राथमिक शाळेत तिसरीला आहे. कुरआनचा तिसावा पारा (शेवटचा भाग) जवळजवळ तोंडपाठ, पण धाकट्या बहिणीला साधी पेन्सिल देत नाही. मग या पाठांतराचा उपयोग काय? – एक आई, चिपळूण

उत्तर : ताई, नुसत्या पाठांतराने वळण लागतं, असं मी मकतबात (मुलांच्या कुरआन-शाळेत) इतकी वर्षं शिकवूनही म्हणणार नाही. पोरं सबक (धडा) घडाघडा म्हणतात, अर्थ मात्र राहून जातो. गंमत म्हणजे तुमच्या पेन्सिलीचं उत्तर त्याच पाऱ्यात आहे. सूरह (अध्याय) माऊन, आयती (वचनं) अवघ्या 7 : अनाथाला ढकलणारा, दिखाव्यापुरती नमाज पढणारा आणि रोजच्या वापरातली किरकोळ वस्तूही नाकारणारा, सगळे एकाच रांगेत! आज रात्री त्याच्याकडून ती म्हणवून घ्या, अर्थ आपल्या बोलीत सांगा, बहिणीलाही शेजारी बसवा. वर उपदेश नको. नवा सबक दोन दिवस थांबला तरी चालेल. आमोख्ता, म्हणजे मागच्याची उजळणी, मात्र चुकवू नका. आणि खोडी काढली म्हणून जादा आयती पाठ करायला लावत असाल, तर ते आजच बंद करा. कुरआन म्हणजे शिक्षा हे पोराच्या डोक्यात एकदा बसलं की ते काढताना आम्हा शिकवणाऱ्यांच्या नाकी नऊ येतात.