विधेयक लागू होत नसतं (आणि कवायतीविषयी थोडं जास्त)

एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे. मराठी भाषा गौरव दिनासाठी त्यांनी शाळेच्या फलकावर लिहिलं, 'शाळांमध्ये मराठी सक्तीची करणारे विधेयक २०२० पासून लागू आहे.' मुख्याध्यापकांनी जाता जाता 'विधेयक' ओल्या बोटानं पुसलं आणि 'अधिनियम' लिहिलं. तिसऱ्या एका सरांचं म्हणणं पडलं, 'साधं कायदा लिहा की!' बाई विचारतात, तिघांत बरोबर कोण, आणि हे शब्द वेगळे आहेत तरी का?

मुख्याध्यापक बरोबर आहेत. सरही बरोबर आहेत. तुम्ही चुकलात, पण त्यात तुमचा दोष कमी आणि टीव्हीवरच्या पट्टीचा जास्त. 'विधेयक लागू', 'विधेयकाची अंमलबजावणी सुरू', 'विधेयकानुसार शाळेला दंड' हे मी इतक्यांदा वाचलंय की आता रिमोट हातात धरवत नाही. आणि वर 'कायदा पारित'! सभागृहात मंजूर होतं ते विधेयक आणि लागू होतो तो कायदा. इथे नेमकं उलटं करून ठेवलंय, आणि मराठीत 'मंजूर', 'संमत' असे दोन धडधाकट शब्द असताना 'पारित' हिंदीतून उसना आणलाय तो वेगळाच.

बाई, तुम्ही व्याकरण शिकवत असाल तर उत्तर तुमच्याच फळ्यावर आहे. उद्देश्य आणि विधेय. वि अधिक धा, पुढे 'य'. पेय, देय, ज्ञेय यांतला हाच 'य'. पेय म्हणजे प्यायचं, देय म्हणजे द्यायचं, तसं विधेय म्हणजे करायचं, अजून व्हायचं असलेलं. पेय पिऊन झालं की उरतो तो पेला. तसं विधेयक दोन्ही सभागृहांतून पार पडून राज्यपालांची संमती मिळाली की विधेयक राहत नाही, त्याचा अधिनियम, म्हणजेच कायदा, होतो. मराठी सक्तीचं विधेयक २६ फेब्रुवारी २०२० ला विधान परिषदेत आणि २७ ला, म्हणजे गौरव दिनीच, विधानसभेत मंजूर झालं. ९ मार्चला ते राजपत्रात आलं ते अधिनियम म्हणून. त्यातला एक लाखापर्यंतचा दंड अधिनियमानं होतो. विधेयकानं कुणाला एक रुपयाही दंड करता येत नाही.

जन्मभर विधेयकच राहिलेलं विधेयक बघायचं असेल तर नामदार गोखल्यांचं बघा. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्यासाठी त्यांनी १६ मार्च १९११ ला ते केंद्रीय कायदेमंडळात मांडलं आणि पुढच्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. तरी विद्यार्थ्यांच्या निबंधांत 'गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला' असं सर्रास येतं. नाही केला, करू दिला नाही. मुंबई इलाख्यात १९१८ साली झाला तो विठ्ठलभाई पटेलांच्या विधेयकाचा, तोही नगरपालिकांपुरता. आणि त्याआधी १९१७ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, तेव्हा विधेयकाची भानगडच नव्हती. महाराजांचा हुकूम हाच कायदा.

२०२५ च्या 'हिंदी सक्तीच्या कायद्या'चंही तेच. तो कायदा नव्हताच. १६ एप्रिलला निघाला तो शासन निर्णय, म्हणजे जीआर. १७ जूनला त्यात दुरुस्ती होऊन 'अनिवार्य' गेलं आणि 'सर्वसाधारणपणे' आलं (या एका क्रियाविशेषणावर स्वतंत्र लेख होईल). २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले. सभागृहात कुणी मतदान केलं नाही, राज्यपालांकडे कागद गेला नाही. जीआर सही करून काढता येतो आणि तसाच मागेही घेता येतो. कायदा असा मागे घेता येत नाही. तो रद्द करायचा तर पुन्हा विधेयक आणावं लागतं.

असो. मला बोलायचंय ते तिसऱ्या सरांच्या शब्दाबद्दल.

'कायदा' अरबी आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणूनच काही मंडळींना तो खुपतो आणि ते 'विधी' सुचवतात. सरकारनंही 'विधी व न्याय विभाग' केलाच आहे. त्यांना माझा एकच प्रश्न. मराठी माणूस 'विधी आटपून येतो' म्हणाला तर तुम्हाला कोर्ट आठवतं का? आठवतं ते दहाव्याचं, नाहीतर सकाळचं. एका विधी महाविद्यालयाच्या पाटीखाली उभ्या असलेल्या आजोबांनी मला विचारलं होतं, 'इथं सत्यनारायणही शिकवतात का?' शब्द शुद्ध करताना तो कुणाच्या तोंडी राहणार आहे हे बघायचं नसेल, तर कोश छापावेत आणि कपाटात ठेवावेत.

तर 'कायदा', मूळ अरबीत 'काइदा'. मूळ धातूचा अर्थ बसणे. म्हणजे काइदा ही बैठक, पाया, ज्यावर बाकीचं उभं राहतं ते. आपण 'घडी बसवली' म्हणतो ना, तसंच. पेशवेकालीन कागदांवर तारखेत 'जिल्काद' महिना दिसतो, तोही याच धातूतला. लढाई वर्ज्य म्हणून घरी बसायचा महिना. उर्दू शाळेत पहिलीच्या पोराच्या दप्तरात जी अक्षरओळखीची पुस्तिका असते, आपल्या अंकलिपीसारखी, तिचंही नाव 'कायदा'. वकिलाचा ग्रंथ आणि बालवाडीची पोथी एका शब्दात! (मराठीनं या घरातला 'बेकायदा' घेतला, 'बाकायदा' मात्र घेतला नाही. त्याजागी 'रीतसर'वर भागवलं. आपल्या स्वभावाबद्दल यातून काय कळतं ते ज्यानं त्यानं ठरवावं.)

आता 'काइदा'चं अरबी अनेकवचन करा. कवाइद. हिंदुस्तानीत कवायद. आणि मराठीत? कवायत!

शनिवारी सकाळच्या शाळेत, दहिवरानं ओल्या मैदानावर, पांढऱ्या चुन्याच्या रेघेवर उभं राहून 'एक, दोन, तीन, चार' करत आपण हात वर-खाली केले ते कायद्याचं अनेकवचन होतं. आमचे कवायतीचे सर शिट्टी तोंडात धरूनच बोलायचे. ते म्हणत, 'काया आयत ठेवणे ती कवायत.' पस्तीस वर्षं मी ते खरं मानलं. ते साफ खोटं आहे. सरांबद्दलचा आदर कायम आहे, व्युत्पत्तीबद्दलचा नाही.

अनेकवचनाचं एकवचन करून वापरणं ही मराठीची जुनी सवय आहे. 'अखबार' हे मुळात 'खबर'चं अनेकवचन. 'अहवाल' हे 'हाल'चं अनेकवचन. शाळांचे हाल झाले की समितीचा अहवाल येतो, हे भाषेला आधीच माहीत होतं. तसेच पवित्र्यांचे, पावलांचे नियम ते कवाइद, आणि मग ते नियम पाळत केलेली हालचाल म्हणजेही कवाइद. उर्दूत हाच शब्द व्याकरणालाही आहे. वाक्याची कवायत, पायांची कवायत.

पण 'द'चा 'त' कुठे झाला? इथे माझा सिद्धांत, आणि तो माझाच आहे. महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपी सेनानीकडून उभ्या करवलेल्या पलटणींना आपण 'कवायती फौज' म्हणतो. हा शब्द तिथे, शिपायांच्या तोंडी, झिजला. मदद होतं त्याचं मदत झालं, पसंदचं पसंत झालं, तसंच हे. माझे एक स्नेही आहेत, फारसीचे जाणकार. ते नाक मुरडतात. म्हणतात, मग सनद, फिर्याद, ताकीद, कैद यांचा 'द' का टिकला? अहो, तेच तर मी सांगतोय! सनद, फिर्याद, ताकीद हे दफ्तरातले शब्द. कारकुनानं बोरूनं लिहिले, आणि लिहिलेलं अक्षर सहजी झिजत नाही. मदत मागायची ती ओरडून. पसंत पडतं ते बोलण्यात. कवायतीचा हुकूम तर कुणी लिहून देतच नाही. यावर स्नेही म्हणाले, 'आणि कैद?' मी विषय बदलला. पण कैदेत कागद लागतोच, वॉरंटाशिवाय कुणाला डांबणार, हे मला घरी आल्यावर सुचलं.

दुसरा त्यांचा आक्षेप असा की हिंदुस्तानीत 'कवायद'ला कसरतीचा अर्थ आधीपासून होता, मग शिंद्यांच्या शिपायांना श्रेय कशाला? अर्थाचं श्रेय मी देतच नाहीये. मी फक्त 'त'चं देतोय. एवढा फरक त्यांच्यासारख्या माणसानं करायला हवा.

तेव्हा कुणाला जुन्या मोडी कागदात 'कवायद', दकारासकट, दिसला असेल तर जरूर कळवा. कारकुनानं 'द' राखला आणि शिपायानं 'त' केला हे मग एकदाचं सिद्ध होईल, आणि स्नेह्यांना मी तो कागद स्वतः नेऊन दाखवीन. फलकाचं म्हणाल तर बाई, मुख्याध्यापकांनी लिहिलंय ते राहू द्या. फक्त बोट ओलं करून पुसलंय म्हणता, तर 'अधिनियम'च्या मागे 'विधेयक' अजून पुसट दिसत असेल. तेवढं डस्टरनं पुसून घ्या.